हवेत थांबण्याची विद्या

"मास्तरांनू, ह्यां पाखरू उडतलां कधी?"

२०२० च्या उन्हाळ्यात हा प्रश्न मला रोज सकाळी सातच्या सुमारास ऐकावा लागे. विचारणारे आमचे शेजारी, सगळे त्यांना आबा म्हणतात. सत्तरी उलटलेली, उभा जन्म मालवणच्या दर्यात गेलेला. टाळेबंदीने बाजार थंडावला होता आणि आबांना सकाळी करण्यासारखे काही उरले नव्हते. गडग्याला टेकून माझी फजिती पाहणे एवढीच काय ती करमणूक.

"आबानू, उडवूचां नाय हा. थांबवूचां आसा," मी सांगे. आबा मान हलवत. साठी ओलांडलेला, ३१ वर्षे शाळेत विज्ञान शिकवलेला माणूस मुलाचे खेळणे घेऊन कापलेल्या मळ्यात उभा राहतो आणि वर म्हणतो, हे उडवायचे नाही. त्यावर मान हलवण्याखेरीज दुसरे काय करणार?

'खेळणे' हा शब्द मी मुद्दाम लिहिला. सगळी गोष्ट त्या एका शब्दापासूनच सुरू होते.

आमचा मुलगा जहाजावर असतो. २०१२ साली सुट्टीवर येताना त्याने सिंगापूरहून एक खोका आणला. आत रिमोटवर चालणारे हेलिकॉप्टर. वजन पाऊण किलोच्या आसपास, डोक्यावरचा पंखा या टोकापासून त्या टोकापर्यंत ७० सेंटीमीटर. स्वतःच्या पगारातून घेतलेली बहुधा त्याची पहिली हौसेची वस्तू. त्याने ती ओटीवर मांडली, एकेक भाग दाखवू लागला आणि मी किंमत विचारली. किंमत ऐकून म्हणालो, "एवढ्या पैशांचं खेळणं?" तो काही बोलला नाही. खोका बंद करून माळ्यावर ठेवला. पुढे सुट्टीत तो हेलिकॉप्टर उडवी, पण मी घरी नसताना.

एवढी एकच गोष्ट असती तर विसरूनही गेली असती. पण आमच्यात असे बरेच साठले होते. त्याला समुद्रावर जायचे होते, मला तो इंजिनियर व्हायला हवा होता. एक वर्ष मी फार कडक वागलो, पुढच्या वर्षी पश्चात्तापाने फार सैल सोडले, मग पुन्हा लगाम खेचला. शेवटी तो स्वतःच्या मनाप्रमाणे गेला आणि नावारूपालाही आला. पण त्याचा फोन आला आणि मी उचलला, की पलीकडून दोन वाक्यांत "आईला द्या" असे येई. ज्यांच्या घरी मुले मोठी झाली आहेत, त्यांना हे वाक्य ओळखीचे असेल.

डिसेंबर २०१९ मध्ये तो जहाजावर गेला. मे महिन्यात परत यायचा होता. मार्चमध्ये सगळे बंद झाले. बंदरे खलाशांना उतरू देईनात, विमाने उडेनात. त्या वर्षाच्या अखेरीला जगभर सुमारे ४ लाख दर्यावर्दी करार संपूनही जहाजावरच अडकल्याचा अंदाज आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने दिला होता. त्या चार लाखांतला एक आमचा. आमच्या हिने देवाला गाऱ्हाणे घातले. मी बातम्या पाहत बसे. हाताला काही काम नव्हते.

एप्रिलमध्ये माळा झाडताना तो खोका हाती लागला. मी मुलाला निरोप पाठवला, "तुझं हेलिकॉप्टर काढू का?" जहाजावर इंटरनेट जेमतेम. दोन दिवसांनी उत्तर आले, "काढा. आधी पंखे काढून मोटर तपासा. खेळणं समजू नका, बोटं तुटतील."

मास्तरच मी. कागद घेऊन हिशेब केला. पंख्याचे टोक एका फेऱ्यात २.२ मीटर जाते. मिनिटाला २,८०० फेरे धरले, तर टोकाचा वेग ताशी ३७० किलोमीटर! त्या दिवसापासून हेलिकॉप्टर आणि मी यांच्यात पाच-सहा मीटरचे अंतर, बाकी सगळे गडग्यापलीकडे, असा नियम झाला.

आता हे थांबवणे इतके कठीण का, ते सांगतो. रिमोटवर दोन छोट्या दांड्या असतात, त्यांना स्टिक म्हणतात. डावी वर-खाली केली की हेलिकॉप्टर चढते-उतरते, डावी-उजवी केली की त्याचे नाक वळते. उजव्या स्टिकने ते पुढे-मागे आणि दोन्ही बाजूंना कलते. म्हणजे दोन अंगठ्यांना चार कामे, आणि चारही एकमेकांत गुंतलेली. वर न्यावे म्हणून जोर वाढवला की मोठ्या पंख्याच्या उलट दिशेला अख्खे धड फिरू पाहते. न्यूटनचा तिसरा नियम, दुसरे काय! ते फिरू नये म्हणून शेपटीला छोटा पंखा आणि त्याला सांभाळायला आत एक इवलासा जायरो. पण शेपटीचा पंखा नुसते फिरणे रोखत नाही, सगळ्या यंत्राला हळूच एका बाजूला ढकलतोही. त्यामुळे हवेत अगदी स्थिर दिसणारे हेलिकॉप्टर खरे तर किंचित कललेले असते. माझे उजवीकडे कले. सरळ केले की डावीकडे घसरे.

याहून मोठी गोम वेगळीच आहे. सायकलचे पेडल थांबवले की सायकल हळूहळू थांबते. हेलिकॉप्टरची स्टिक मध्यावर आणली तरी ते थांबत नाही. ते जितके कललेले असेल तितकेच कललेले राहते आणि त्या बाजूला आणखी वेगाने सरकत जाते. थांबवायचे तर उलटा कल द्यावा लागतो, आणि ते थांबण्याच्या आधीच तो काढूनही घ्यावा लागतो.

वाचकांनी घरी एक प्रयोग करून पाहावा. मोठ्या सपाट ताटात एक गोटी ठेवा, ताट दोन्ही हातांनी उचला आणि गोटी मधोमध ठेवण्याचा प्रयत्न करा. गोटी डावीकडे निघाली की आपण ताट उजवीकडे कलते करतो. ती वळल्याचे दिसेपर्यंत थांबलात तर उशीर झाला. ती आता उजवीकडे धावत सुटते. मग आपण घाबरून आणखी जोरात डावीकडे... चौथ्या खेपेला गोटी जमिनीवर. माझी गोटी पाऊण किलोची होती आणि तिला पाती होती.

यात फक्त आमच्यासारख्या हौशांचीच फजिती होते असे नाही. इगॉर सिकॉर्स्की या विमानशास्त्रज्ञाने १४ सप्टेंबर १९३९ रोजी अमेरिकेत आपले हेलिकॉप्टर पहिल्यांदा जमिनीवरून उचलले, तेव्हा ते दोरांनी बांधलेले होते. मोकळे उड्डाण व्हायला १३ मे १९४० उजाडला. विमाने तोवर अटलांटिक ओलांडून गेली होती, पण एका जागी उभे राहणे माणसाला सहजी साधत नव्हते. रिमोटवरच्या छोट्या हेलिकॉप्टरला तर आणखी तीस वर्षे लागली. जर्मनीतल्या डीटर श्ल्यूटर यांनी १९७० च्या सुमारास ते साध्य केले आणि त्यानंतर हा छंद जगभर पसरला.

शिकाऊ माणसासाठी यात एक जुनी युक्ती आहे. हेलिकॉप्टरच्या पायांना दोन लांब काड्या फुलीसारख्या बांधायच्या आणि चारही टोकांना हलके चेंडू लावायचे, म्हणजे ते टेकताना कलंडत नाही. मी बांबूच्या बारीक कामट्या तासल्या. आंगणेवाडीच्या जत्रेतून पुतण्याच्या मुलांसाठी आणलेले प्लॅस्टिकचे पोकळ चेंडू घरात होते, तेच टोकांना लावले. गडग्यावरून आबा म्हणाले, "ही तर उलांडी!" त्यांचे खरेच होते. आमच्याकडच्या लहान होडीला बाजूला आडव्या वाशांवर जो लाकडी ओंडका बांधलेला असतो, ती उलांडी. होडी कलंडू नये म्हणून कोकणातल्या माणसाने जे केले, तेच हे.

वेळही ठरून गेली. रात्रीचा मतलई वारा पहाटे पडतो आणि समुद्रावरचा खारा वारा उन्हे तापल्यावर सुटतो. मधला तासभर माडाची झावळीही हलत नाही. तेवढाच आमचा वर्ग. एक बॅटरी सहा मिनिटे चाले आणि बॅटऱ्या दोन. म्हणजे रोज बारा मिनिटे.

पहिले चार दिवस मी ते नुसते जमिनीवरून घसरवत होतो. पाचव्या दिवशी ते वीतभर उचलले, डावीकडे पळाले, मी उजवीकडे ओढले, ते माझ्या अंगावर आले, मी घाबरून खाली आपटवले. पात्यांची एक जोडी गेली. मुलाने कळवले, "फार खाली ठेवता. जमिनीला आपटून वर येणारी हवा त्याला हलवते. कमरेएवढं वर न्या, तिथं शांत असतं." हे काही मनाला पटेना. घाबरलेल्या माणसाला जमीन जवळ असलेली बरी वाटते. पण कमरेएवढे नेले आणि खरोखरच त्याचे थरथरणे कमी झाले. त्या दिवशी मी चार सेकंद मोजली. पुढच्या आठवड्यात सात. मे महिन्याच्या शेवटी एका झुळकीने ते बांधावर नेऊन आदळले. पात्यांची दुसरी जोडी तुटली, मधला दांडा वाकला. कुरिअर बंद. पाठोपाठ पाऊस आला आणि मळ्यात लावणी सुरू झाली.

पावसाळ्यात मी मुलाच्या जुन्या संगणकावर सराव केला. रिमोट वायरीने जोडला की पडद्यावरचे हेलिकॉप्टर हवे तितके आपटता येते. फुकटात आपटता येते हा त्याचा गुण आणि तोच दोष. पण या तीन महिन्यांत आणखी एक गोष्ट झाली. मुलाचे निरोप लांबत गेले. एका रविवारी त्याचा फोन आला, मी उचलला, आणि त्याने "आईला द्या" म्हटले नाही. म्हणाला, "बाबा, किती सेकंद?"

मी अडचण सांगितली. हेलिकॉप्टर खुणेवरून सरकले की मी लगेच परत आणतो, तरी ते झोके घ्यायला लागते. तो हसला. म्हणाला, "तुम्ही जागा बघताय. जागा बघू नका, कल बघा. जागा सुटलेली दिसते तेव्हा उशीर झालेला असतो. आधी ते कलतं, मग सरकतं. कलताना धरलंत तर केसभर स्टिक पुरते."

मग त्याने स्वतःच्या कामाबद्दल सांगितले. मुलगा जहाजावर नेमके काय करतो हे इतक्या वर्षांत मी कधी विचारलेच नव्हते. त्याचे जहाज आखातात तेलविहिरीच्या फलाटाशेजारी उभे असते. नांगर टाकायचा नाही, कारण तळाशी नळांचे जाळे. वारा, प्रवाह, लाटा सगळे चालू, आणि जहाजाने एका जागी राहायचे. संगणक क्षणोक्षणी जागा मोजतो, वाऱ्याचा रोख मोजतो आणि पंख्यांना थोडे-थोडे चालवत राहतो. १९६१ साली पॅसिफिक महासागरात 'कस-१' नावाच्या जहाजाने साडेतीन हजार मीटर खोल पाण्यावर असेच उभे राहून समुद्राच्या तळाला भोक पाडले होते. तेव्हा हे काम चार पंखे चालवत माणसाने हाताने केले होते. "आम्ही पण तेच करतो बाबा, जे तुम्ही मळ्यात करताय," तो म्हणाला. "फक्त आमचं जरा मोठं आहे."

ही गोष्ट मी आबांना सांगितली. ते म्हणाले, "दर्यात होडी थांबता खंय? ती थांबवूची लागता." मला ते समजायला विज्ञानाची पदवी आणि सहा महिने लागले होते.

पण झोप उडवली ती 'कल' या शब्दाने. २०१६ पासून आपल्या राज्यात दहावीच्या मुलांची कल चाचणी घेतली जाऊ लागली होती. निवृत्त होण्यापूर्वी मीही ती घेतली, पालकांना समोर बसवून मुलाचा कल ओळखा असे सांगितले. आणि स्वतःच्या घरात? मी गुण पाहिले, नंबर पाहिला, शेजाऱ्याचा मुलगा कुठे पोहोचला ते पाहिले. म्हणजे जागा पाहिली. ती सुटलेली दिसली की स्टिक या टोकाला, मग घाबरून त्या टोकाला. कल मात्र तो सहावीत असल्यापासून दिसत होता. वहीच्या मागच्या पानांवर होड्या काढलेल्या असत आणि मी त्या पानांवर लाल शाईने 'अभ्यासात लक्ष द्यावे' असे लिहीत असे.

ऑक्टोबरमध्ये कापणी झाली. कुरिअर सुरू झाले, पाती आली. नोव्हेंबरमध्ये मळा वाळला आणि मी पुन्हा उभा राहिलो. आता खुणेकडे पाहायचे सोडले. नजर नाकावर आणि वरच्या पंख्याच्या तबकडीवर. तबकडी उजवीकडे झुकतेय असे वाटले की अंगठ्याने नुसता स्पर्श, आणि लगेच परत. पहिल्या आठवड्यात वीस सेकंद, मग चाळीस. अंगठे सतत हलत असत, पण पाहणाऱ्याला ते दिसत नसे.

तेव्हाच मला कोळंबच्या खाडीवरचा कवड्या खंड्या नीट दिसला. काळा-पांढरा, मैनेएवढा थोराड पक्षी. पाण्यावर पाच-सहा मीटर उंच एका जागी फडफडत राहतो आणि मासा दिसला की सूर मारतो. निवाऱ्याच्या हवेतही पंखांच्या बळावर असा उभा राहू शकणारा हा जगातला सर्वांत मोठा पक्षी मानतात. पंख, शेपूट, धड सगळे हलते, डोके मात्र टाचून ठेवल्यासारखे. जन्मभर त्याच्या शेजारी राहिलो आणि तो 'थांबतो' असेच समजत आलो.

पुढच्या बेतासाठी कोणी वाचक उत्साहित झाले असतील तर एक सूचना. २०२१ मध्ये ड्रोनचे नवे नियम आले, आणि त्याच वर्षी ९ ऑक्टोबरला आमचा चिपीचा विमानतळही सुरू झाला. आता उडवण्याआधी आपली जागा हिरव्या, पिवळ्या की लाल पट्ट्यात येते ते सरकारी नकाशावर पाहावे लागते. माणसे, गुरे आणि विजेच्या तारा यांपासून दूर राहायचे, बॅटरी चार्ज होताना घर सोडायचे नाही. आणि पहिला महिना संगणकावर घालवायचा. तो मी शेवटी घालवला, तुम्ही आधी घालवा.

डिसेंबर २०२० च्या पहिल्या आठवड्यात मुलगा घरी आला. जाऊन बरोबर एक वर्ष झाले होते. तेव्हाच्या रिवाजाप्रमाणे चौदा दिवस माडीवरच्या खोलीत एकटा. हिने जेवणाचे ताट जिन्यावर ठेवायचे आणि खाली येऊन डोळे पुसायचे. आमचे बोलणे खिडकीतून.

दुसऱ्या दिवशी सकाळी वारा पडलेला पाहून मी हेलिकॉप्टर मळ्यात नेले. माडीची खिडकी मळ्याकडेच उघडते. तो उठला असेल का, पाहत असेल का, हे मला पाहता येत नव्हते, कारण नजर नाकावरून हलवायची नाही. कमरेएवढे उचलले. किंचित उजवा कल. शेपूट माझ्याकडे, नाक खाडीकडे. आबा गडग्यावर होते, त्यांना मोजायला सांगितले होते. त्यांनी सावकाश दर्यावरच्या माणसाप्रमाणे मोजले, तरी शंभराच्या पुढे गेले. मग बॅटरी उतरायला लागल्याचे जाणवले आणि मी ते खाली घेतले. जरा घाई झाली, एक चेंडू निसटून गवतात गेला.

पंखा पूर्ण थांबल्यावर मी मान वर केली. मुलगा खिडकीत उभा होता. त्याने टाळी वाजवली नाही, हातही केला नाही. त्याचे दोन्ही हात खिडकीच्या गजावर होते आणि अंगठे अजून बारीक-बारीक हलत होते.

"शेवटी घाई केलीत, बाबा," तो म्हणाला.

"केली खरी," मी म्हणालो. "उद्या पुन्हा बघ."